घरची नानखटाई, मोहल्ल्याची भट्टी

ईदच्या आठवडाभर आधी आमच्या घरी नानखटाईचे पीठ मळले जाते. एक किलो मैद्याला तूप व पिठीसाखर अर्धा-अर्धा किलो. तूप-साखर फेसण्याचे काम अम्मी कुणाला देत नाही. गोळे वळायला मात्र पोरेसोरेही बसतात. ट्रे भाजायला जातात मोहल्ल्यातील बेकरीत. पाव निघाल्यावर भट्टीची आच उतरते, तीच नानखटाईला मानवते. बेकरीवाल्याला भाजणावळ मिळते, आम्हाला चोख माल!

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्याचा आदेश दिला. शहराची हवा सुधारायलाच हवी. परंतु गॅस वा विजेच्या भट्टीचा खर्च पावाच्या तुटपुंज्या नफ्यातून कसा निघणार? भाजणावळ वाढली तर आम्ही देऊ. बेकरीच बंद पडली तर ट्रे कुठे न्यायचे?