संगीताची विनामोबदला प्रत

ध्वनिमुद्रित किंवा लिखित संगीतकृतीची प्रत हक्कधारकाची अनुमती न घेता व त्याला मोबदला न देता तयार करणे. अशी कृती गुन्हा केव्हा ठरते, याचे उत्तर कायद्यात मिळते. ती नीतिदृष्ट्या गैर आहे काय, हा प्रश्न मात्र कायद्याहून जुना व अधिक गुंतागुंतीचा आहे. वस्तू चोरीस गेली, तर मालक तिला मुकतो. गाण्याची प्रत केल्याने मूळ गाणे जागच्या जागी राहते. त्यामुळे प्रत करणे म्हणजे सरळ चोरी होय, हे विधान सैल आहे. तथापि जे चोरी नव्हे ते गैरही नव्हे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

ध्वनिमुद्रणाचा शोध (१८७७) लागेपर्यंत गाण्याची प्रत म्हणजे ऐकणाऱ्याची स्मृती किंवा हाताने लिहिलेली वही. ग्रामोफोनच्या तबकडीची नक्कल घरी करता येत नसे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेल्या छोट्या ध्वनिफितीने (कॅसेट) ही अडचण दूर केली. १९८० नंतरच्या दशकात दोन फितींचे टेपरेकॉर्डर तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि हवी ती गाणी कोऱ्या फितीवर भरून देणारी दुकाने निघाली. पुढे हेच काम मोबाइलच्या दुकानांनी मेमरी कार्डावर केले. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते : ही प्रत श्रोत्याला फुकट मिळत नव्हती. तो दुकानदाराला पैसे देत होता. कवी, संगीतकार व गायक यांना मात्र त्यातील काही पोहोचत नव्हते. मित्राला एखादे गाणे उतरवून देणारा आणि असा दुकानदार यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

या प्रश्नाची नैतिक बाजू पाहण्यास वऱ्हाड, विशेषतः अमरावती व अकोला हे जिल्हे, सोयीचे आहेत. कारण संतांची भजने, नामवंत कवींची गीते व कर्त्याचे नाव नसलेली लोकगीते तेथे शेजारी शेजारी नांदतात आणि तिन्हींच्या बाबतीत उत्तर वेगवेगळे येते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) व यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी कीर्तन व भजन ही लोकशिक्षणाची साधने मानली. तुकडोजींची खंजिरी भजने भजनी मंडळांनी एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेतली आणि ती मोझरीच्या गुरुकुंज आश्रमापासून दूरच्या खेड्यांपर्यंत पोहोचली. त्या उतरवण्यात कोणाला काही गैर वाटले नाही. वारकरी परंपरेत तर कीर्तनकाराने कीर्तनाच्या ठिकाणी भोजनाचाही स्वीकार करू नये, असा दंडक सांगितला जातो. यावरून, गाणे ही विकण्याची वस्तूच नव्हे व म्हणून त्याची प्रत करण्यात दोष नाही, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. त्यात एक चूक आहे. मोबदला न घेण्याचा नेम कीर्तनकाराने स्वतःसाठी केलेला असतो. ज्याचा हक्क त्यानेच त्याचा त्याग करावयाचा असतो. कीर्तनकाराने केलेला त्याग चरितार्थासाठी गाणाऱ्या गायकाच्या नावावर श्रोत्याने परस्पर मांडणे हे दान नव्हे.

शिवाय याच परंपरेत एक कडक नियम आढळतो. भजनाच्या अखेरच्या चरणात रचनाकाराची नाममुद्रा असते व ती प्रत करणाऱ्याने काढावयाची किंवा बदलावयाची नसते. प्रत मुक्त, पण नाव अबाधित, असा हा संकेत आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये अनधिकृत पुनर्मुद्रणावर लिहिलेल्या निबंधात याच्या जवळचा विचार मांडला आहे. ग्रंथ म्हणजे लेखकाचे वाचकांशी चाललेले बोलणे. जो अनुमतीवाचून ते छापतो, तो लेखकाच्या नावाने त्याच्या संमतीशिवाय बोलतो. कांटचा आक्षेप वस्तू घेण्यास नाही, दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्यास आहे. म्हणूनच निव्वळ कलावस्तूंची नक्कल त्याने निषिद्ध मानली नाही. गाणे हे बोलणे की वस्तू, हा प्रश्न त्याच्या विवेचनानंतरही उरतोच.

नावनिशीवार कवींची स्थिती वेगळी आहे. अमरावतीत जन्मलेले सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या रचना हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत लता मंगेशकर व आशा भोसले यांनी गायिल्या. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांची ‘तिफण’ ही वऱ्हाडी बोलीतील कविता अरे संसार संसार (१९८१) या चित्रपटामुळे घरोघरी गेली. अशा एका ध्वनिमुद्रणात शब्द, चाल, आवाज व मुद्रण असे निरनिराळे हक्क एकावर एक रचलेले असतात. त्यांतून येणारा पैसा कोणाकडे जातो, यावर प्रत करण्याच्या दोषाची तीव्रता बरीचशी अवलंबून आहे, आणि या बाबतीत भारतीय कायद्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ खाली सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माता होय. गायकाला तर कायद्यात स्थानच नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणीत या उणिवेकडे लक्ष वेधले. कलावंतांचा सादरीकरणाचा हक्क १९९४ मध्ये मान्य झाला. स्वामित्वधनातील आपला वाटा गीतकार व संगीतकार यांना लिहून देता येणार नाही वा सोडता येणार नाही, अशी तरतूद होण्यास २०१२ साल उजाडले. ‘पैसे कवीला मिळतच नाहीत, मग द्यावयाचे कोणाला?’ या श्रोत्याच्या प्रश्नात तोपर्यंत काही तथ्य होते. कंपनीने कवीवर केलेला अन्याय श्रोत्याला मात्र कोणताही हक्क देत नाही. कंपनीचे वाचवलेले पैसे कवीकडे पाठविणारा श्रोता विरळाच.

तिसरा प्रकार लोकगीतांचा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. जात्यावरच्या ओव्याही अशाच कर्त्याच्या नावावाचून चालत आलेल्या. त्यांवर कोणाचाच प्रताधिकार नाही. कोणत्याही कंपनीने त्या गावोगावच्या बायकांकडून ऐकून ध्वनिमुद्रित केल्या, तर गाव तिच्याकडे काही मागू शकत नाही. पण त्याच गावाने त्या मुद्रणाची प्रत केली, तर कंपनी दाद मागू शकते. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असले, तरी नीतीच्या चर्चेत नकलेचा दोष केवळ श्रोत्याच्या पदरी टाकला जातो, हे यावरून स्पष्ट होते.

गरिबीचा युक्तिवादही विचारात घेण्यासारखा आहे. ज्याने मूळ फीत कधीच विकत घेतली नसती, त्याच्या प्रतीने कोणाचे नुकसान झाले नाही, असे म्हटले जाते व एकेका श्रोत्यापुरते ते खरे असू शकते. परंतु ज्या वऱ्हाडी गायकाचा श्रोतृवर्ग दोन-तीन जिल्ह्यांपुरताच आहे, त्याच्या बाबतीत थोड्या प्रतीही सर्व विक्री बुडविण्यास पुरतात. देशभर विकणाऱ्या कंपनीला तो घाव जाणवतही नाही. नक्कल सहसा बड्यांविरुद्धचे बंड म्हणून समर्थिली जाते, आणि तिचा भार छोट्यांवर अधिक पडतो.

कायद्याने या भेदांची काहीशी दखल घेतली आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास १९८४ पासून सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. महाराष्ट्राने १९८१ च्या स्थानबद्धताविषयक अधिनियमात २००९ साली दुरुस्ती करून नकलांचा धंदा करणाऱ्यांना झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या पंक्तीस बसविले. उलटपक्षी, खाजगी उपयोगासाठीच्या उचित वापराची सवलत २०१२ मध्ये ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. धार्मिक विधी व लग्नाची वरात यांतील वादनास तर मोबदल्याचे बंधनच नाही. इंटरनेटवरून जाहिरातींच्या उत्पन्नावर गाणी कायदेशीरपणे विनामूल्य ऐकता येऊ लागल्यापासून श्रोत्याने प्रत करण्याचे प्रसंग कमी झाले. त्या उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न तेवढा पुढे सरकला आहे.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतींचा प्रताधिकार मृत्यूनंतर साठ वर्षे टिकत असल्याने तुकडोजी महाराजांच्या अशा रचना २०२८ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. त्यानंतर त्या कोणालाही मोबदल्यावाचून छापता व ध्वनिमुद्रित करता येतील. कर्तृत्व सांगण्याचा व विकृतीस आक्षेप घेण्याचा लेखकाचा खास हक्क मात्र त्या मुदतीशी बांधलेला नाही. तो त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना त्यानंतरही बजावता येतो.