पोटासाठी परमुलखात (भाग ७) : सॉसेजची जत्रा आणि रविवारची घरं

मागच्या भागात आपण आयोवातल्या पेल्ला गावचा डच ट्यूलिप-उत्सव पाहिला. या आठवड्यात खाली दक्षिणेला, टेक्सासच्या मध्यभागी जाऊ. चुनखडीच्या टेकड्या, ओकची झाडं, उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन. इथे न्यू ब्राउनफेल्स नावाचं गाव आहे. नोव्हेंबरच्या सुमारास तिथे दहा दिवसांची जत्रा भरते. तिचं नाव 'वुर्स्टफेस्ट', म्हणजे सॉसेजचा उत्सव. पुरुष चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, पट्टे आणि पिसाच्या टोप्या घालून हिंडतात, बायका घट्ट चोळीच्या, एप्रनवाल्या झग्यांत असतात. बिअरचे मोठे मग, तंबूत पोल्का-नाच, आणि निखाऱ्यावर तडतडणाऱ्या सॉसेजचा वास. उत्सव मंडळाचे सभासद स्वतःला 'ओपा', म्हणजे आजोबा, म्हणवतात.

हे सगळं पाहून कुणालाही वाटेल, की या मंडळींचे पूर्वज बव्हेरियाच्या डोंगरातून थेट इथे उतरले असणार. तसं नाही. न्यू ब्राउनफेल्स वसवणारे लोक मुख्यतः नासाऊ, हेसेन, हानोव्हर आणि ब्राउनश्वाइग या भागांतून आले. हे सगळे मुलूख बव्हेरियाच्या डोंगरांपासून पुष्कळ वर, पश्चिम, मध्य आणि उत्तर जर्मनीतले. चामड्याची चड्डी हा आल्प्सच्या पायथ्याचा पोशाख. यांच्या खापरपणजोबांनी तो अंगावर चढवला असण्याची शक्यता फार कमी. जत्राही जुनी नव्हे. एड ग्रिस्ट नावाचे पशुवैद्य गावाचे मांस-निरीक्षक होते. त्यांच्या डोक्यातून १९६१ साली ही कल्पना निघाली. गाव मात्र १८४५ चं.

मग खरोखर काय आलं होतं?

१८४२ साली ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख इथे काही जर्मन सरदार-उमरावांनी टेक्सासमध्ये वसाहत करण्यासाठी एक संस्था काढली. एकट्या माणसाने १२० डॉलर भरावेत, कुटुंबवाल्याने २४०. बदल्यात जहाजाचा प्रवास, घर आणि कुटुंबाला ३२० एकर जमीन. कागदावर सौदा झकास होता. अडचण एवढीच, की संस्थेने हक्क घेतलेली जमीन लॅनो आणि कोलोरॅडो नद्यांच्या मधली होती, ती उमरावांपैकी कुणी पाहिलेली नव्हती आणि तिथे कोमांचे या मूळ रहिवाशांचा वावर होता. संस्थेचे टेक्सासमधले पहिले प्रमुख राजपुत्र कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स यांनी वाटेत दुसरी जागा विकत घेऊन आपल्या घराण्याच्या नावाचं गाव वसवलं आणि लवकरच मायदेश गाठला. हिशेब मागे ठेवून.

तो हिशेब निस्तरायला आलेले बॅरन ओटफ्रीड हान्स फॉन मॉयजेबाख यांनी इथे उतरल्यावर सरदारकी सोडली आणि साधे जॉन मॉयजेबाख झाले. तिजोरी जवळपास रिकामी होती आणि जहाजं एकामागून एक येतच होती. संस्थेने एकूण सात हजारांहून अधिक लोक टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरवले. १८४६ च्या मे महिन्यात अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं आणि किनाऱ्यावरून आत जायला लागणाऱ्या बैलगाड्या सैन्याने भाड्याने उचलल्या. लोक वाळूवर तंबूत आणि खड्ड्यांत अडकले. रोगराई पसरली. शेकडो माणसं किनाऱ्यावर आणि आत जाणाऱ्या वाटेवर मेली. वुर्स्टफेस्टच्या तंबूत हा प्रसंग सहसा निघत नाही. निघावा अशी अपेक्षाही नाही म्हणा. जत्रेत सुतक कोण आणतं?

त्याच मे महिन्यात मॉयजेबाख यांनी आणखी आत, कोमांचे मुलखाच्या तोंडाशी, फ्रेडरिक्सबर्ग वसवलं. पुढच्या वर्षी ते स्वतः सॅन सबा नदीपर्यंत गेले आणि कोमांचे प्रमुखांशी बोलणी केली. मे १८४७ मध्ये तह झाला. टेक्सासच्या इतिहासात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांशी केलेल्या आणि पाळल्या गेलेल्या मोजक्या करारांत त्याची गणना होते.

या तहाभोवती एक गोष्ट विणली गेली आहे. वाटाघाटी चालू असताना रात्री टेकड्यांवर कोमांचे लोकांच्या आगी दिसत. पोरं भ्यायली. तेव्हा एका आईने सांगितलं, की घाबरू नका, ईस्टरचा ससा तिथे कढईत अंडी रंगवतोय. तेव्हापासून फ्रेडरिक्सबर्गला ईस्टरच्या आदल्या रात्री टेकड्यांवर आगी पेटू लागल्या. गोष्ट गोड आहे. पण वायव्य जर्मनीत ईस्टरला गावाबाहेर लाकडं रचून पेटवायची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आपल्या होळीसारखीच, आणि हानोव्हरकडून आलेल्यांना ती कुणी शिकवायची गरज नव्हती. मला वाटतं, आग त्यांनी सोबत आणली आणि ससा इथे येऊन तिला चिकटला.

फ्रेडरिक्सबर्गमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र कुठल्याच सणाची नाही. ती म्हणजे 'संडे हाउस', रविवारची घरं. आसपासच्या शेतकऱ्यांची आणि पशुपालकांची वस्ती गावापासून मैलोगणती दूर. घोडागाडीने एका दिवसात देऊळ आणि बाजार दोन्ही उरकणं शक्य नव्हतं. म्हणून १८९० नंतर त्यांनी गावात चर्चजवळ छोटे तुकडे घेऊन घरकुलं बांधली. खाली एक खोली, मागे उतरत्या छपराचं स्वयंपाकघर, वर माळा. माळ्यावर जायचा जिना बऱ्याच ठिकाणी घराबाहेरून. पोरं वर झोपायची. आत जिना घातला तर एकुलत्या खोलीतली जागा खाल्ली जायची. शनिवारी यायचं, अंडी-लोणी विकून मीठ-साखर-कापड घ्यायचं, रात्री नाचायचं, रविवारी प्रार्थना करून घराकडे वळायचं. म्हातारपणी शेत मुलाच्या हवाली करून कित्येक जण याच घरात कायमचे राहायला येत. मोटारी आल्या आणि या घरांची गरज संपली. आज त्यांतली काही प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामाला भाड्याने मिळतात.

या लोकांची एक बाजू टोप्या-चड्ड्यांत अजिबात दिसत नाही. १८४८ ची युरोपातली क्रांती फसल्यावर आलेल्यांत शिकलेले, देवधर्म न मानणारे, गुलामगिरीला विरोध करणारे बरेच होते. कम्फर्ट आणि सिस्टरडेल ही त्यांची गावं. १८६१ मध्ये टेक्सास दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात उतरलं. या टेकड्यांतल्या अनेकांना ते नको होतं. ऑगस्ट १८६२ मध्ये साठ-पासष्ट जणांची एक तुकडी मेक्सिकोकडे निघाली असता न्यूएसेस नदीकाठी दक्षिणेच्या सैनिकांनी तिला पहाटे गाठलं. काही लढताना पडले. जखमींना नंतर गोळ्या घातल्या. त्यांची हाडं युद्ध संपेपर्यंत तिथेच उघड्यावर राहिली. मग नातेवाइकांनी ती गोळा करून कम्फर्टला आणली, पुरली, आणि १८६६ मध्ये वर चुनखडीचा स्तंभ उभारला. त्यावर जर्मन भाषेत मृतांची नावं आणि 'संघराज्याशी निष्ठा' ही अक्षरं आहेत. हरलेल्या दक्षिणेच्या भूमीवर उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेल्यांचं हे दुर्मीळ स्मारक. वारसा साजरा करायचा तर माझ्या मते पहिला मान याला द्यायला हवा.

भाषा टिकली आणि मग हळूहळू गेली. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड लिंडहाइमर यांच्या संपादनाखाली १८५२ मध्ये सुरू झालेलं 'नॉय-ब्राउनफेल्झर त्साइटुंग' हे वृत्तपत्र शतकाहून जास्त काळ जर्मनमध्ये निघत राहिलं. पहिल्या महायुद्धात वारं फिरलं. जर्मन बोलणारा म्हणजे शत्रूचा माणूस अशी नजर आली, आणि १९१८ मध्ये टेक्सासने शाळांतून इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवायला कायद्याने बंदी घातली. गंमत पहा : पुढच्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचं नेतृत्व करणारे ॲडमिरल चेस्टर निमित्झ याच फ्रेडरिक्सबर्गचे, जर्मन कुटुंबातले. 'त्साइटुंग'चं जर्मन छापणं १९५७ मध्ये थांबलं. चार वर्षांनी सॉसेजची जत्रा सुरू झाली. टेक्सासी जर्मन बोलणारे आता बहुतेक वयोवृद्धच उरलेत. विद्यापीठातले अभ्यासक २००१ पासून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवताहेत.

जर्मन वारसा बघायला जत्रेत जावं, पण तिथेच थांबू नये. पुढे लॉकहार्टला जावं. तिथे १९०० साली क्रॉइट्झ नावाच्या जर्मन खाटकाने दुकान काढलं. मध्य टेक्सासात असे जर्मन आणि चेक खाटीक बरेच होते. न खपलेलं मांस ते धुरावर टिकवायचे आणि सॉसेज भरायचे. कापूस वेचणारे मजूर, त्यांत मेक्सिकन आणि काळे दोन्ही, ते कागदावर घेऊन तिथेच खात. मध्य टेक्सासचा बार्बेक्यू म्हणून जग आज ज्यासाठी रांगा लावतं तो बऱ्याच अंशी या दुकानांतून आला. मांस अजूनही खाटकाच्या कागदावरच मिळतं. रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी फार थोडे याला जर्मन म्हणतील.

ॲकॉर्डियनचंही तेच. जर्मन आणि चेक शेतकऱ्यांच्या नाचांतली बटणांची पेटी शेजारच्या मेक्सिकन मजुरांनी उचलली. नार्सिसो मार्टिनेझ यांनी १९३६ पासून तिच्या तबकड्या काढल्या. डाव्या हाताचे खर्जाचे सूर सोडून देऊन ते काम त्यांनी बाहो सेक्स्टो या बारा तारांच्या वाद्याकडे सोपवलं आणि उजव्या हाताला मोकळं रान दिलं. त्यातून कोन्हुन्तो हा संगीतप्रकार घडत गेला. सॅन अँटोनियोचे फ्लाको हिमेनेझ यांनी तो जगभर नेला, ग्रॅमी पुरस्कार मिळवले. त्यांचे आजोबा पात्रिसियो ही पेटी जर्मन वसाहतवाल्यांकडून शिकले होते. रविवारी दुपारी सॅन अँटोनियोतल्या एखाद्या मेक्सिकन लग्नात वऱ्हाडी ज्यावर गोल फिरत नाचतात, तो ठेका पोल्काचा असतो.

(पुढच्या भागात : याच टेक्सासातले चेक शेतकरी आणि त्यांचे कोलाचे.)