माझगावचं चिनी देऊळ

डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, नवाब टँक रोडवर, एका साध्या घरासारख्या इमारतीत सी यिप मंदिर आहे. बाहेरून ते देऊळ आहे हे लाल दारावरूनच काय ते कळतं. १९१९ सालचं हे मंदिर चिनी खलाशांनी उभारलं. त्या काळी गोदीच्या आसऱ्याने माझगावात चिनी वस्ती होती.

‘सी यिप’ म्हणजे चार परगणे: ग्वांगडोंग प्रांतातले शिनहुई, तैशान, काइपिंग आणि एनपिंग. आपल्याकडे गिरणगावात गाववाल्यांच्या खोल्या असत, तसाच हा गाववाल्यांचा आधार.

मुख्य देव क्वान कुंग. हा मुळात हाडामांसाचा माणूस, सेनापती गुआन यू. इ. स. २२०च्या सुमारास शत्रूने पकडून त्याला ठार केलं. ल्यू बेइ आणि झांग फेइ यांना त्याने भाऊ मानलं आणि तो शब्द मरेपर्यंत पाळला, असं लोककथा सांगतात. पुढे मिंग काळात त्याला थेट सम्राटाची पदवी मिळाली. लाल चेहरा, लांब दाढी, ही त्याची खूण.

दर्यावर्दी चिनी लोकांची समुद्रदेवी माझू असताना खलाशांनी इथे सेनापती का पुजला? मला वाटतं, परमुलखात वादळापेक्षा एकटेपणाची भीती जास्त, आणि हा तर दिल्या शब्दाला जागणारा भाऊ!

इथे कौलही लावतात. बांबूच्या नळीतल्या पट्ट्या हलवायच्या, जी खाली पडेल तिच्या आकड्यावरून उत्तर वाचायचं. १९६२च्या युद्धानंतर वस्ती विरळ झाली, तरी चिनी नववर्षाला उदबत्त्यांचा धूर अजून दाटतो.