धक्का पचवणारी बंदूक

सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची नारिंगी चकती जमिनीलगतच्या यंत्रातून सुटते. तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास असतो आणि नेमबाजाच्या हाती जेमतेम एक-दीड सेकंद. तो बार काढतो. नळीतून साडेचारशेच्या आसपास बारीक छर्रे निघतात आणि चकतीचा भुगा होतो. हा भुगा खाली पडेपर्यंत बंदुकीने रिकामे काडतूस बाहेर फेकलेले असते, नवे आत ओढून घेतलेले असते आणि ती दुसऱ्या बारासाठी तयार असते. हे सगळे ती त्याच बाराच्या ताकदीवर करते. बाहेरून वीज नाही, माणसाचे बळ नाही. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन नावाचे हे यंत्र अमेरिकेत आज पाचशे ते हजार डॉलरांत मिळते. इतक्या कमी पैशांत इतकी नेमकी यंत्रकला फार थोड्या वस्तूंमध्ये सापडते.

उडत्या चकत्या फोडण्याचा हा खेळ मुळात जिवंत कबुतरांवर खेळला जाई. पिंजऱ्यातून कबुतर सोडायचे आणि उडताना टिपायचे, अशी रीत आधी इंग्लंडात होती व मग अमेरिकेत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कबुतरांऐवजी काचेचे पोकळ गोळे हवेत उडवले जाऊ लागले, आणि कॅप्टन अॅडम बोगार्डस याने त्यावर मोठे नाव कमावले. पण गोळा कमानीने वर जाऊन खाली येतो. त्याला पाखराचे उडणे साधत नाही. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची चपटी चकती आणि ती फेकणारे यंत्र पुढे आणले. पाण्यावर शिंपले भिरकावणारी मुले पाहून त्याला हे सुचले, असे सांगतात. फिरत जाणारी चकती हवेवर तरंगते, सरळ लांब जाते आणि मग हळूहळू खाली उतरते, अगदी पाखराच्या चालीने. भाजलेली माती मात्र इतकी टणक निघाली की छर्रे लागूनही ती फुटेना. म्हणून पुढे डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाच्या चकत्या आल्या. आजही बहुतेक चकत्या त्याच मिश्रणाच्या असतात.

या खेळाची मुख्य रूपे तीन. ट्रॅपमध्ये चकत्या नेमबाजापासून लांब पळतात. अमेरिकी ट्रॅपमध्ये यंत्रापासून १६ यार्डांवर उभे राहायचे आणि कौशल्य वाढेल तसे २७ यार्डांपर्यंत मागे सरकायचे. स्कीटमध्ये अर्धवर्तुळावरच्या सात आणि मधोमधच्या एका अशा आठ जागांवरून, समोरासमोरच्या एका उंच आणि एका ठेंगण्या घरातून आडव्या जाणाऱ्या चकत्या फोडायच्या असतात. हा प्रकार १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि त्याच्या मित्रांनी शिकारीच्या सरावासाठी बसवला. तिसरे रूप स्पोर्टिंग क्लेज. ते रानातल्या वाटेने फिरत, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेच्या चकत्यांवर खेळले जाते. ट्रॅप ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९०० मध्ये खेळला गेला आणि स्कीट १९६८ मध्ये.

आडव्या चकतीवर सरळ नेम धरला तर छर्रे तिच्या मागून जातात. स्कीटमध्ये मधल्या जागेवरून चकती साधारण १९ मीटरवर असते. छर्ऱ्यांना तिथवर पोहोचायला सेकंदाचा सुमारे सोळावा भाग लागतो आणि तेवढ्यात चकती मीटरभर पुढे सरकलेली असते. म्हणून नेम तिच्यापुढच्या मोकळ्या हवेत धरायचा आणि बार काढल्यावरही नळी फिरवत राहायची. हे शिकायला शेकडो नव्हे, हजारो बार लागतात. कोणती बंदूक घ्यावी या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. जी बंदूक हजारो बार आनंदाने काढू देईल, तीच या खेळासाठी चांगली.

बारा बोअरच्या बाराचा धक्का चांगलाच जोरदार असतो. एका फेरीत पंचवीस चकत्या आणि दिवसभरात चार फेऱ्या खेळल्या, तर शंभर धक्के खांद्यावर बसतात. खांदा दुखतो, पण त्याहून वाईट म्हणजे मन धक्क्याची वाट पाहू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, नळी थबकते आणि चकती अखंड निघून जाते. ही सवय एकदा जडली की सुटायला महिने लागतात. सेमी-ऑटोमॅटिकचे खरे मोल इथे कळते. बाराचा एकूण रेटा ती कमी करू शकत नाही. भौतिकशास्त्राचा हिशेब कुणालाच चुकत नाही. पण तोच रेटा ती थोड्या जास्त वेळात पसरवते. क्रिकेटमध्ये कडक चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, तसेच हे आहे. खांद्याला एका टोल्याऐवजी लांबट ढकल जाणवते.

पहिली यशस्वी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन जॉन मोझेस ब्राउनिंग याने घडवली. युटातल्या ऑग्डेनचा हा माणूस बंदूक घडवणाऱ्याच्या घरात वाढला आणि माझ्या मते बंदुकांच्या इतिहासात त्याच्या तोडीचा कल्पक दुसरा झाला नाही. १९०० मध्ये त्याला एकस्व मिळाले. विंचेस्टर कंपनीने बंदूक हवी म्हटले, पण प्रत्येक नगावर मानधन द्यायला नकार दिला. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला, आणि बाहेर वाट पाहत असतानाच हार्टली हृदयविकाराने वारल्याची बातमी आली. मग ब्राउनिंग बेल्जियमला एफएन कारखान्यात गेला. तिथे तयार झालेली ऑटो-५ जवळजवळ शतकभर बनत राहिली. तिच्यात बार होताच अख्खी नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट मिळून मागे सरकतात. हलक्या आणि जड काडतुसांसाठी तिच्यातल्या घर्षणकड्यांची जागा बदलावी लागते. जुन्या ऑटो-५ चुकीच्या मांडणीने वापरून खिळखिळ्या झालेल्या अजूनही बाजारात दिसतात.

चकत्यांच्या मैदानाचा कायापालट मात्र १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० ने केला. वायूवर चालणाऱ्या शॉटगन त्याआधीही होत्या, पण वेन लीक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या या बंदुकीत मऊपणा, टिकाऊपणा आणि माफक किंमत यांचा मेळ पहिल्यांदा नीट जमला. नळीच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. छर्रे त्यांच्या पुढे गेले की जळलेल्या दारूचा थोडा वायू त्या छिद्रांतून उतरतो आणि काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्याभोवतीचे कडे मागे ढकलतो. कड्याला जोडलेल्या पट्ट्या बोल्टला कुलपातून सोडवून मागे नेतात, रिकामे काडतूस उजवीकडे उडते आणि घोडा चढतो. मग दस्त्यातली स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता नवे काडतूस नळीत बसवते. चाप मात्र प्रत्येक वेळी नव्याने ओढावाच लागतो; एका ओढीला एकच बार. चाळीस लाखांहून जास्त ११०० विकल्या गेल्या. अमेरिकेतल्या स्कीटच्या मैदानांवर दोन-तीन पिढ्या तिनेच वाढवल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट इटलीत निघाली. ब्रूनो चिव्होलानी याने शोधलेल्या जडत्वाच्या तत्त्वावर उर्बिनोची बेनेली कंपनी १९६७ मध्ये उभी राहिली. यात वायू वापरत नाहीत. बार होताच सगळी बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. त्याच्या आणि बोल्टच्या डोक्याच्या मध्ये एक आखूड, कडक स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटताना सगळे चक्र चालवते. भाग थोडे आणि काजळी जवळजवळ नाही. शिकाऱ्यासाठी हे वरदान आहे. पण ही बंदूक हलकी असते आणि वायूचा मऊपणा तिच्यात नसतो, म्हणून दिवसभरात शंभर बार काढणाऱ्या नवशिक्याला मी वायूवर चालणारीच सुचवीन.

आता किंमत. नव्या बंदुकांत सर्वांत स्वस्त तुर्कस्तानच्या, साधारण पाचशे ते सातशे डॉलर. कोन्या प्रांतातल्या बेयशेहिरजवळचे हुग्लू हे गावच बंदुका घडवणाऱ्यांचे. तिथल्या सहकारी संस्थेच्या बंदुका सीझेडसारख्या कंपन्या आपल्या नावाने विकतात. स्टोगर एम३००० हीसुद्धा तुर्की आणि जडत्वावर चालणारी. त्यापुढे हजार डॉलरांच्या आसपास बेरेटाची ए३०० मालिका. हे इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाचे घराणे १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या विकत होते आणि आजही बंदुका बनवते. ए३०० वायूवर चालते. तिच्यातली झडप जड काडतुसाचा जादा वायू बाहेर सोडते, त्यामुळे हलके-जड दोन्ही बार ती पचवते. याउलट पेराझ्झीसारखी स्पर्धेची एकावर एक नळ्यांची दुनळी दहा हजार डॉलरांच्या वर जाते. दुनळी अडत नाही आणि दोन नळ्यांना दोन वेगळे चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारी नळीच्या तोंडाची अरुंदी, मिळतात, म्हणून ऑलिंपिकमध्ये तीच दिसते. पण चकती बंदुकीची किंमत पाहून फुटत नाही.

स्वस्त घेताना चार गोष्टींत चूक होऊ देऊ नये. पहिली, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा. साडेतीन इंची काडतुसासाठी केलेली बंदूक जास्त कामाची, असे दुकानात वाटते. पण ती बदकांच्या शिकारीसाठी असते आणि चकत्यांची हलकी काडतुसे तिला कधी कधी पुरेसा जोर देत नाहीत. पावणेतीन किंवा तीन इंची चेंबर घ्यावे. जुन्या ११०० मध्येही मॅग्नम वाण टाळावा. त्याच्या नळीची छिद्रे जड काडतुसांसाठी असतात आणि हलक्यांवर तो अडतो. दुसरी, नळीची लांबी. सेमी-ऑटोमॅटिकचा मधला सांगाडा लांब असल्याने तिची २८ इंची नळी दुनळीच्या ३० इंचीपेक्षा आखूड वाटत नाही. चकत्यांसाठी २८ इंच पुरतात, ट्रॅपसाठी ३० चालेल. तिसरी, वजन. सात ते आठ पौंडांची बंदूक उचलायला जड वाटली तरी धक्का तीच सोसते आणि फिरताना मध्येच थांबत नाही. चोक बदलता येतील अशी नळी असावी. स्कीटला मोकळा, ट्रॅपला घट्ट.

चौथी गोष्ट सगळ्यांहून मोठी, आणि स्वस्त खरेदीत तिच्याकडेच दुर्लक्ष होते. शॉटगनला रायफलसारखी मागची माशी नसते. तिथे नेमबाजाचा डोळाच असतो. दस्ता लांब-आखूड किंवा उंच-ठेंगणा असला तर डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो आणि छर्रे दर वेळी वेगळ्या जागी जातात. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग उघडा. नळीवरची पट्टी सरळ समोर दिसली तर ती तुमची. ती तिरकी दिसत असेल, तर दस्त्याच्या मुळाशी बसवायच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, बंदुकीसोबत येतात का ते विचारा. ए३०० सोबत त्या येतात. कोणता डोळा प्रबळ आहे हेही आधी तपासा. डावखुऱ्याच्या तोंडासमोरून उडणारे काडतूस लक्ष विचलित करते; त्याला डावखुरी बंदूक शोधणे रास्त ठरेल.

सगळा विचार करून माझी पसंती वापरलेल्या ११०० ला किंवा नव्या ए३०० ला आहे. ११०० मध्ये वायू अडवणारे एक रबरी कडे असते. ते कालांतराने चिरते आणि बंदूक अचानक चालेनाशी होते. अनेक जण तेवढ्यावरून बंदूक बिघडली समजून स्वस्तात विकून टाकतात. कडे काही डॉलरांचे असते; पिशवीत दोन ठेवावीत. काजळीही नियमित साफ करावी लागते. रेमिंग्टनचा न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा कारखाना, जिथे १८१६ पासूनची परंपरा होती, २०२४ मध्ये बंद झाला. तरी इतक्या बंदुका फिरत आहेत की भाग मिळणे अवघड नाही. तुर्की बंदूक घ्यायची तर आधी तिचे सुटे भाग कुठे मिळतात ते पाहा, आणि मगच तिची चमक.

भारतात या खेळाची परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचे रौप्य मिळवले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन चकत्या सुटणाऱ्या ट्रॅपमध्ये, रौप्यपदक जिंकले. इथे परवान्याशिवाय बंदूक घेता येत नाही, म्हणून ज्यांना ही ओढ आहे त्यांनी सुरुवात रायफल क्लबाच्या दारातून करावी. परदेशात असलेल्यांनीही तिथला कायदा आधी वाचावा.

आणि कुठेही असा, पैसे देण्याआधी क्लबातल्या कुणाची तरी बंदूक मागून दोन फेऱ्या खेळून पाहा. लोक आनंदाने देतात. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षक हवा, आपली पाळी येईपर्यंत काडतूस भरायचे नाही, आणि सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट लांबूनही सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवायचा.