इंजिन निवडावे मे महिन्याच्या हिशेबाने

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तिथला शेख इस्माईल शेख इब्राहिम, गावाच्या तोंडी मुन्ना, हा पत्र्याचा कारागीर. आठवीत शाळा सुटली, पण वेल्डिंगवर हात बसला. कपाटे आणि कूलर बनवता बनवता, यूट्यूबवर पाहून त्याने एका माणसापुरते हेलिकॉप्टर उभे केले आणि त्याला मारुती ८०० चे इंजिन बसवले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी सुरू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि तडाखा मुन्नाच्या डोक्याला बसला. तो चोवीस वर्षांचा होता.

त्याच्या हातातले कसब खरे होते, याबद्दल मला शंका नाही. फुलसावंगीत बसून कुणी इंजिनाची शक्ती उभ्या दांड्यातून पंख्यापर्यंत नेतो, ही साधी गोष्ट नाही. त्याला मिळाला नाही तो हिशेब. कोणते इंजिन, किती वेळ, किती गरम होत, कोणत्या इंधनावर आणि कोणत्या चाचणीनंतर, हा तो हिशेब. अमरावती-अकोल्याच्या गॅरेजमध्ये, लेथवर आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत अशी मुले आजही आहेत. त्यांच्यासाठी तो मराठीत मांडायला हवा.

सुरुवात मारुतीपासूनच करू. ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे, साधारण ३७ अश्वशक्तीचे. रस्त्यावर ते वर्षानुवर्षे तक्रार न करता चालले, कारण साठ-सत्तरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला त्या शक्तीचा लहानसा हिस्साच लागतो. पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना, काही सेकंद. विमानाचे तसे नसते. उड्डाणाला शंभर टक्के, चढताना जवळजवळ तेवढीच आणि मग सरळ उडताना तासन्‌तास पाऊणपट शक्ती. हेलिकॉप्टरचे त्याहून कठीण, कारण तिथे यंत्राचे सगळे वजन पंख्यालाच तोलून धरायचे असते. रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरच्या अलीकडच्या नमुन्यात लायकमिंगचे १८० अश्वशक्तीचे इंजिन असते, पण सलग वापरायला परवानगी फक्त १२४ ची. उरलेली शक्ती कंपनी मुद्दाम हाती राखते. त्यामुळे इंजिन थंड राहते, टिकते आणि उन्हाळ्यात किंवा उंचीवर हवा विरळ झाली तरी ती १२४ हाती लागते. इंजिन पाहायला गेलात तर ‘किती एचपी’ हा प्रश्न मागाहून विचारा. आधी विचारा, ‘सलग तासभर किती?’

आता या हिशेबात वऱ्हाडचा मे महिना घाला. अकोल्याची शिवणीची धावपट्टी आणि अमरावतीची बेलोऱ्याची धावपट्टी, दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण हजार-अकराशे फुटांवर आहेत. कागदावर ही उंची काहीच नाही. पण पारा ४५ वर गेला की हवा प्रसरण पावते, आणि इंजिनाला, पंख्याला, पंखांना ती जवळजवळ पाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा आठव्या हिश्श्याने कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाची सातव्या हिश्श्याच्या आसपास शक्ती तिथेच जाते. ८० ची जेमतेम ६९ उरते. त्याच विरळ हवेत पंख्याची ओढ घटते आणि पंखांना उचल मिळण्यासाठी जमिनीवरचा वेग सात टक्के वाढवावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकदमच येतात, म्हणून जानेवारीत सहज उडणारे विमान मे महिन्याच्या दुपारी धावपट्टी संपली तरी चाके सोडत नाही. युरोपातल्या माहितीपत्रकातले धावेचे अंतर १५ अंश तापमानाचे असते. ते वाचून इथले इंजिन ठरवू नये.

गाडीचे इंजिन विमानात चालतच नाही, असे मात्र नाही. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर जगभर घरगुती विमाने उडाली. हवेने थंड होणारे, आडवे, संथ गतीला बरी ओढ देणारे. पंखा थेट क्रँकवर बसतो. सुझुकीची जी-१० आणि जी-१३ ही इंजिने अमेरिकेत आणि कॅनडात हौशी लोकांनी पुष्कळ वापरली. जी-१३ आपल्याकडे एस्टीम आणि जिप्सीत आले, त्यामुळे ते कसे खोलायचे हे अकोल्याच्या मिस्त्रीला शिकवावे लागत नाही. अडचण पुढे येते. ही इंजिने आपली शक्ती साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास देतात. पावणेदोन मीटर व्यासाचा पंखा त्या गतीने थेट फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला पाचशे मीटर होईल, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त. शक्ती नुसत्या आवाजात जाईल आणि पाते फाटण्याची भीती वेगळी. म्हणून मधे गती कमी करणारा पट्टा किंवा गिअर लागतो. राइट बंधूंनाही तो लागला होता. चार्ली टेलरने सहा आठवड्यांत घडवलेल्या त्यांच्या १९०३ च्या इंजिनाची शक्ती सुमारे बारा अश्वशक्ती. साखळीने फिरणारे दोन पंखे त्याच्या गतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने फिरत.

घरी बनवलेल्या या जोडणीतच सर्वांत जास्त घात होतो. इंजिन एकसारखे फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला दांड्याला पीळ देते. सिलिंडर कमी असतील तर दोन झटक्यांतले अंतर मोठे. पंखा जड आणि हट्टी. तो त्या झटक्याबरोबर हलत नाही. एखाद्या ठरावीक गतीला दोघांचा ताल जुळला की दांडा, बेअरिंग, गिअरचे दात काही तासांत तुटतात. नुसत्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. रोटॅक्स ९१२ या ऑस्ट्रियन इंजिनाचा दबदबा आहे तो मुख्यतः इथे. चार सिलिंडर, साठ किलोच्या आसपास वजन, ८० किंवा १०० अश्वशक्ती, आणि झटके जिरवणारी यंत्रणा असलेला कारखान्यातला गिअरबॉक्स. कमाल ५८०० फेऱ्या, पण फक्त पाच मिनिटे, सलग ५५००. किंमत डोळे पांढरे करणारी आहे, हे मान्य. लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल यांचा मार्ग वेगळा: मोठे सिलिंडर, सत्तावीसशेच्या आसपास फेऱ्या, गिअरच नाही. पैसे मोजवत असतील तर पहिल्या विमानाला विमानाचेच इंजिन घ्यावे आणि नवा प्रयोग विमानाच्या दुसऱ्या एखाद्या भागात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंखात चूक असेल तर ती धावपट्टीवरच्या दौडीत बरेचदा कळते, गिअरची चूक झाडांच्या वर गेल्यावर कळते. टू-स्ट्रोक हलकी इंजिने स्वस्त असतात, पण ती अचानक बंद पडू शकतात, असा इशारा निर्माते स्वतःच पुस्तिकेत छापतात. तो गांभीर्याने घ्यावा.

इंजिन ठरले की ते थंड कसे ठेवायचे हा वऱ्हाडातला सर्वांत मोठा प्रश्न. हौशी माणूस नाकावर मोठी भोके पाडतो आणि हवा आत आली की काम झाले, असे समजतो. पण खिडकी बंद ठेवून डेझर्ट कूलर लावला तर काय होते, हे अकोल्यात शाळकरी पोरालाही माहीत असते. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, आणि गरम हवा फुगलेली असल्याने ती वाट येणाऱ्या वाटेहून मोठी हवी. बाहेरचे तोंड अशा जागी असावे, जिथे विमानाभोवतीचा दाब कमी असतो, म्हणजे बहुधा पोटाखाली. आत पत्र्याचे आडोसे लावून हवेला सिलिंडरच्या पाकळ्यांमधूनच जायला भाग पाडायचे आणि आडोशांच्या कडेची प्रत्येक फट सिलिकॉन रबराने बुजवायची. बोटभर फट राहिली तर हवा सोपी वाट धरते आणि मागचा सिलिंडर भाजतो. लायकमिंगच्या सिलिंडर-डोक्याची मर्यादा २६० अंश असली, तरी जाणकार दोनशेच्या आसपासच थांबतात. रोटॅक्सची डोकी पाण्याने थंड होतात, त्यांची मर्यादा बरीच खाली. तिथे रेडिएटरला स्वतंत्र हवानळी द्यावी. प्रत्येक सिलिंडरला वेगळे तापमापक लावा. एकाच तापमापकाने चौघांची गोष्ट कळत नाही.

इंधनाचा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत अवघड झाला आहे. पंपावरचे पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचे, आणि रोटॅक्स ९१२ ला चालते ते दहा टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि फायबरच्या टाकीतली राळ खराब करते. त्यातून उन्हाने तापलेल्या नळीत इंधनाची वाफ झाली, तर पंप रिकामाच फिरतो. पेट्रोलात इथेनॉल किती, हे घरी पाहता येते. उभ्या मोजपात्रात थोडे पाणी घालून खूण करावी, वर पेट्रोल ओतावे, हलवून थांबावे. पाण्याचा थर वाढला, तर ती वाढ इथेनॉलची. मात्र असे धुतलेले पेट्रोल इंजिनात घालू नये, त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. विमानांचे शिसेयुक्त १००-एलएल पेट्रोल आपण वर्षानुवर्षे परदेशातून आणत होतो. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशात बनवायला घेतले. रोटॅक्सला ते चालते, फक्त शिशाचा साका बसतो म्हणून तेल दुप्पट वेळा बदलावे लागते. पण ते जवळच्या धावपट्टीवर मिळेलच असे नाही. बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान येऊ लागले. तिथेच एअर इंडियाची वैमानिक शाळा उभी राहते आहे. त्या शाळेसाठी मागवलेली पायपर आणि डायमंड विमाने मोठ्या विमानांच्या जेट ए-१ वर चालणारी आहेत. घरगुती विमान बनवणाऱ्याने इंजिनाची ऑर्डर देण्याआधी हे पाहावे: ज्या धावपट्टीवरून उडायचे, तिथे कोणते इंधन खात्रीने मिळणार?

इंधन पोचते का, हे मोजल्याशिवाय मानू नये. शेपूट खाली टेकवून विमान चढाच्या कोनात उभे करा, कार्ब्युरेटरची नळी सोडून इंधन मोजपात्रात घ्या. पंप असेल तर पूर्ण शक्तीला लागते त्याच्या सव्वापट, नुसत्या उतारावर असेल तर दीडपट यायला हवे. ८० च्या रोटॅक्सला तासाला २४ लिटर लागतात. म्हणजे पंपाने मिनिटाला अर्धा लिटर आलाच पाहिजे. टाकीत तळाशी थोडेच इंधन असतानाही.

वजनाबद्दल थोडक्यात. चाळीस किलो जास्तीचे इंजिन तोलबिंदूच्या एक मीटर पुढे बसवले, तर चार मीटर मागच्या शेपटीत दहा किलो शिसे बांधावे लागते. सांगाडा काही त्या पन्नास किलोंसाठी आखलेला नसतो. इंजिनाचा पाळणा क्रोममॉली पोलादाच्या नळ्यांचा, रबरी गाद्यांवर, आणि त्यामागे आग अडवणारा स्टेनलेसचा पत्रा. घरच्या लोखंडी पाइपचा पाळणा मला कुठेही मंजूर नाही.

वऱ्हाडी माणसाला आश्चर्य वाटेल असा धोका पावसाळ्यात असतो. जुलैत बाहेर २५ अंश, हवा पाण्याने भरलेली. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस-पंचवीस अंशांनी उतरते आणि आत बर्फ धरतो. इंजिन हळूहळू गळा दाबल्यासारखे मंदावते. वैमानिक उतरून झाकण उघडतो, तोवर बर्फ वितळलेला असतो. सायलेन्सरभोवतीची गरम हवा कार्ब्युरेटरला देण्याची सोय म्हणूनच लागते.

आणि मग चाचणी. विमान शेपटीकडून जमिनीत पुरलेल्या खांबाला बांधावे, चाकांना अडसर द्यावा. पंखा ज्या पातळीत फिरतो, त्या पातळीत दोन्ही बाजूंना कुणीही उभे राहू नये; तुटलेले पाते त्याच दिशेने जाते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, हाताशी आगीचे नळकांडे. आधी दोन मिनिटे, बंद करून गळती पाहायची, मग दहा. पूर्ण शक्तीला तापमान कुठे स्थिरावते हे लिहून ठेवायचे, आणि ती चाचणी एप्रिल-मेच्या दुपारीच घ्यायची. गाडीचे इंजिन असेल तर त्याआधी डायनॅमोमीटरवर सलग तासभर तरी पूर्ण भार द्यायला हवा. बडनेरा, शेगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या यंत्रशाळेची दारे अशा कारागिरांना उघडली, तर पुढचा मुन्ना हिशेबाविना चाचणी घेणार नाही.

पहिले तेल लवकर बदलायचे आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहायच्या. चमकणारे कण चुंबकाला चिकटले, तर ते पोलादाचे, म्हणजे गिअर किंवा बेअरिंगचे. तिथेच थांबायचे. प्रत्येक तास, प्रत्येक तापमान वहीत नोंदवायचे, कारण परवान्यासाठी विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा अधिकारी आला की तो आधी हीच वही मागतो. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव या सगळ्यातून गेले आहेत. त्यांच्या विमानाला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक २०१७ मध्ये मिळाला, उडण्याचा परवाना २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान २०२० मध्ये उडाले.