न जेवणाऱ्या मुलासाठी अळणी रस्सा

'डॉक्टर, पोर काही खातच नाही!' तापातून उठलेल्या मुलांच्या आयांची ही नेहमीची तक्रार. कोल्हापूर-साताऱ्याकडे यावर घरचाच उपाय आहे, कोंबडीचा अळणी रस्सा. (नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते, बरे का!)

अर्धा किलो कोंबडीला हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण लावावे. कांद्यावर परतून दीड लिटर गरम पाणी घालावे व मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवावे. मुलांच्या वाट्या इथेच काढून घ्याव्यात. उरलेल्यात मसाला घातला की मोठ्यांचा रस्सा तयार. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

मात्र नुसते पाणी पाजून 'ताकद आली' असे समजू नये. पाण्यात चव उतरते. प्रथिने बहुतांशी मांसातच राहतात. म्हणून मांस बोटांनी बारीक सोडवून, हाडाची कुसे चाचपून काढून, मऊ भातात कालवून द्यावे.

पहिल्या दिवशी मूल तोंड फिरवील. नाक दाबून भरवणे तर मुळीच नको. दोन चमचेच पुढे ठेवावेत, दोन दिवसांनी पुन्हा. नवी चव रुळायला आठ-दहा खेपाही लागतात. वजनच घटू लागले, तर मात्र तपासून घ्यावे.