देव कोपतो कोणासाठी?

अंगारकी चतुर्थीला जालना-भोकरदन रस्त्यावर आदल्या रात्रीपासून पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. राजूरच्या गणपतीला निघालेली ही माणसे. गणेशपुराणातले राजसदन क्षेत्र म्हणजे आपले राजूर, अशी इथली श्रद्धा; गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. नवस सगळ्यांना पाठ असतो, पुराणातली गोष्ट मात्र फार थोड्यांना.

वरेण्य राजाची राणी पुष्पिका बाळंत झाली आणि कुशीत पाहते तो हत्तीच्या तोंडाचे, चार हातांचे मूल. राजा घाबरला. हे अवलक्षण घरात नको, म्हणून त्याने ते रानात टाकून दिले. पराशर ऋषींनी ते उचलले, वाढवले. पुढे त्याच गजाननाने सिंदुरासुराला गाठले. ज्याला मिठी मारील त्याचा चुराडा होईल, असा वर मिळालेला हा दैत्य ब्रह्मदेवाच्या जांभईतून जन्मला होता. गजाननाने त्याला हातांत धरून मर्दले आणि त्याचे रक्त अंगाला फासले. गणपतीच्या शेंदराची एक उपपत्ती ती हीच. मग वरेण्य पश्चात्तापाने समोर आला. ज्याने जन्मताच टाकून दिले, त्या बापावर देव कोपायला हवा होता. त्याने राजाला समोर बसवून गणेशगीता सांगितली. अकरा अध्यायांच्या या गीतेत भगवद्गीतेसारखेच काम आणि क्रोध हे माणसाचे वैरी म्हटले आहेत. नुकताच दैत्याला चिरडून आलेला देव क्रोधाला वैरी म्हणतो, आणि स्वतःशी वाईट वागलेल्याला जवळ बसवतो. देवाच्या कोपाचा सगळा पेच या एका कथेत आहे. माझ्या मते त्याचा उलगडाही इथेच आहे: देव कोपला तर दुसऱ्यासाठी कोपतो, स्वतःच्या मानापमानासाठी नाही. हे सूत्र धरून ग्रंथ चाळले, तर बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. काही बसत नाहीत; त्यांच्याकडेही येऊच.

आरंभ वेदांपासून करावा लागतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विचारतो की माझा असा कोणता अपराध झाला, ज्याने तू रागावलास? भीती आहेच, पण प्रश्न अपराधाचा आहे. वरुण ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा राखणदार. त्याचा राग नियम मोडल्याचा. रुद्राचे तसे नाही. अभिषेकात आपण जो रुद्र ऐकतो, तैत्तिरीय संहितेतला, त्याचा पहिला नमस्कारच रुद्राच्या क्रोधाला आहे. हा देव का रागावतो हे सांगता येत नाही, त्याचा बाण लेकराबाळांना, गुराढोरांना लागू नये एवढेच मागायचे. पण औषधे देणारा वैद्यही तोच. वैदिक माणसाने संकट आणि उपाय एकाच दारात ठेवले होते.

पुराणांत कोपाला कारण मिळते. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते, घराघरांत सप्तशतीचे पाठ चालतात. मार्कंडेय पुराणातल्या या तेरा अध्यायांपैकी दुसरा नीट वाचावा. महिषासुराने देवांना हाकलून दिले, हे ऐकताच विष्णू आणि शंकर यांच्या भुवया वाकड्या होतात, तोंडांतून तेज निघते, इतर देवांचे तेज त्यात मिसळते आणि त्यातून देवी उभी राहते. म्हणजे हा राग कोणा एकाचा नव्हेच, ज्यांचे हक्क हिरावले गेले त्या सगळ्यांचा तो साठलेला राग. चौथ्या अध्यायात देव तिला म्हणतात, तुझ्या नुसत्या नजरेने हे दैत्य भस्म झाले असते. पण शस्त्राने पावन होऊन त्यांनाही चांगली गती मिळावी, म्हणून तू शस्त्र चालवलेस. मनात कृपा आणि रणात निष्ठुरपणा, असे तिचे वर्णन तिथे येते. मारणाऱ्याच्या समर्थनाचा हा सोयीचा युक्तिवाद आहे असे कोणी म्हणेल, आणि माणसाने तो स्वतःसाठी वापरला तर तसा तो आहेच. ग्रंथ मात्र तो माणसाला वापरू देत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात अक्रोध ही दैवी संपत्ती आहे, आणि काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारे.

नरसिंहाचे उदाहरण सर्वांत बोलके. भागवताच्या सातव्या स्कंधात देव आधीच सांगून ठेवतो की हिरण्यकशिपू पोटच्या पोराच्या, प्रल्हादाच्या जिवावर उठेल तेव्हा मी त्याला मारीन. वध झाल्यावरही राग उतरत नाही. देव लांब उभे. लक्ष्मीलाही पुढे होण्याचा धीर होत नाही. ब्रह्मदेव शेवटी प्रल्हादालाच पुढे करतो. ज्याच्यासाठी हा कोप, त्याच लेकराच्या डोक्यावर देव हात ठेवतो आणि शांत होतो. प्रल्हाद मागतो काय, तर बापाला क्षमा. देव म्हणतो, तुझा बाप एकवीस पिढ्यांसह पावन झाला. कृष्णाचाच अपमान करणाऱ्या शिशुपालाचे काय, असे कोणी विचारील. शंभर अपराध पोटात घालून मग चक्र सुटले, आणि त्याचे तेज कृष्णातच मिळाले.

आता मानापमानाचे कोप. त्यांची पुराणे सरळ फजिती करतात. दिवाळीच्या पाडव्याला गोवर्धनपूजा असते, तिची कथा अशीच. आपला यज्ञ बंद केला म्हणून इंद्राने गोकुळावर सात दिवस पाऊस कोसळवला, आणि शेवटी एकांतात येऊन कृष्णाच्या पायांवर मुकुट ठेवला. दुर्वासाने अंबरीष राजावर राग काढला, तर सुदर्शन वर्षभर त्याच्याच पाठीशी लागले. राजानेच रदबदली केली तेव्हा सुटका झाली. भृगूने छातीवर लाथ मारली तेव्हा विष्णूने त्याचा पाय चेपला, आणि थोरपणाच्या परीक्षेत तोच पहिला आला.

या सगळ्याला छेद देणारी पोथी आपल्या घराघरांत वाचली जाते: सत्यनारायणाची. साधुवाणी बोललेली पूजा विसरतो, म्हणून चोरीच्या खोट्या आळावरून तुरुंगात जातो. त्याची मुलगी कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावते, तर नवऱ्यासकट नाव बुडते. तुंगध्वज राजा गवळ्यांचा प्रसाद नाकारतो, तर शंभर पुत्र जातात. शेवटी सगळ्यांना सगळे परत मिळते, हे खरे. आणि गवळ्यांना कमी लेखणाऱ्या राजाची खोड मोडली हेही चांगलेच झाले. तरी थकलेल्या हप्त्यासाठी दारात उभ्या राहणाऱ्या सावकारासारखा हा देव भागवतातल्या देवापुढे फार लहान वाटतो. दुर्दैव असे की आपल्याकडची ‘देवाचा कोप’ ही कल्पना बरीचशी याच पोथीवर पोसली आहे. घरात आजार आला, विहीर आटली, की पहिला प्रश्न कोणता देव राहिला हाच.

जालना जिल्ह्यातच याला उत्तर देणारा माणूस जन्मला. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे गाव, जन्म १६०८ चा. १६३० च्या मोठ्या दुष्काळात दख्खन होरपळली तेव्हा ते ऐन विशीत होते. मारुतीला प्रलयरुद्राच्या रूपात उभा करणारा हा कवी; पण दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तमोगुणाचे वर्णन करताना तो क्रोधाला जरासुद्धा सूट देत नाही. रागाच्या भरात आईबाप, बहीणभाऊ, बायको कोणी ओळखू येत नाही आणि हात उचलला जातो, हे तमोगुणाचे लक्षण. तिसऱ्या दशकात त्यांनी तापांची वाटणीही केली आहे: देहाचे दुखणे वेगळे, काटे-विंचू-चोर यांचा त्रास वेगळा, आणि केल्या कर्माची यमयातना वेगळी. त्याच दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि मुलगा गेले. आपल्या संतपरंपरेत कोप उलटाच वाहिला: जनाबाई काय, तुकोबा काय, विठोबालाच खडसावतात आणि त्याचे कुठे काही बिघडत नाही.

जांबच्या राममंदिरातल्या समर्थांच्या पूजेतल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. चोरांवर वीज पडली नाही. दोनेक महिन्यांनी पोलिसांनी त्यांना पकडून मूर्ती परत आणल्या.

पावसाचेही तसेच. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, २०१२-१३ चा तर सगळ्यांनाच. जालना शहराला टँकर पुरेनात तेव्हा पर्जन्यदेवतेची मनधरणी झाली, आणि घाणेवाडी तलावातला गाळही लोकांनी काढला. यांतले काय शास्त्राला धरून होते, असे मला विचाराल तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन. गोवर्धनाच्या कथेत पावसाचा कोप झाला तेव्हा कृष्णाने इंद्राची पूजा पुन्हा सुरू करा असे सांगितले नाही. गाव आणि गुरे कशाखाली वाचतील ते पाहिले. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाचे काम नव्वदच्या दशकातच हाती घेतले होते. २०१२-१३ च्या दुष्काळात तिथल्या शेततळ्यांत पाणी होते आणि द्राक्षबागा उभ्या होत्या.